भिंतीवरचा व्हॉल्युम कंट्रोल: कोणत्या जातीचा घ्यावा आणि कसा जोडावा

भिंतीवर बसवायचे व्हॉल्युम कंट्रोल बाहेरून सगळे सारखेच दिसतात: एक चौकोनी प्लेट आणि मधोमध नॉब. आतली यंत्रणा मात्र चार-पाच जातींची असते. एका जातीचा कंट्रोल दुसरीच्या जागी बसवला तर कधी आवाजच येत नाही, कधी ॲम्प्लिफायर (ॲम्प) जातो. म्हणून या परीक्षणात ब्रँडची तुलना नाही, जातींची आहे. एकाच जातीतल्या दोन चांगल्या ब्रँडमध्ये फरक असतो तो मुख्यतः प्लेटच्या फिनिशचा, टर्मिनलच्या दर्जाचा आणि नॉबच्या हाताला लागणाऱ्या ठोक्याचा. जात चुकली तर यातलं काहीच कामाला येत नाही.

घेण्याआधी एवढंच विचारायचं: नॉबपर्यंत येणाऱ्या वायरीतून काय वाहणार आहे? ॲम्पकडून स्पीकरला जाणारी ताकद, १०० व्होल्टची लाइन, ॲम्पच्या आधीचा नाजूक ऑडिओ सिग्नल, की आवाज किती ठेवायचा एवढंच सांगणारं डीसी व्होल्टेज? याचं उत्तर पक्कं असेल तर निवड जवळजवळ आपोआप होते.

ऑटोफॉर्मर: अनेक खोल्यांसाठी आमची पहिली पसंती

एका स्टीरिओ ॲम्पवर तीन-चार किंवा जास्त खोल्यांचे स्पीकर चालवायचे असतील तर इम्पिडन्स (स्पीकर ॲम्पला दाखवतो तो ओहममधला भार) जुळवणारा ऑटोफॉर्मर कंट्रोल घ्यावा. आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, प्रत्येक चॅनलला एक. वाइंडिंगवर, म्हणजे तारेच्या वेटोळ्यावर, टप्प्याटप्प्याने टॅप (मधूनच बाहेर काढलेले जोड) असतात आणि नॉब फिरवला की रोटरी स्विच एका टॅपवरून पुढच्या टॅपवर जातो. बहुतेक मॉडेलमध्ये १० ते १२ टप्पे असतात. एक टप्पा साधारण ३ डेसिबलचा, म्हणजे दर ठोक्याला स्पीकरची ताकद निम्मी. शेवटच्या टप्प्यावर आवाज पूर्ण बंद. मोठा गुण असा की नको असलेली ताकद इथे उष्णतेत जाळली जात नाही, ॲम्पकडून घेतलीच कमी जाते. त्यामुळे बंद बॉक्समध्येही हा कंट्रोल थंड राहतो, आणि आवाज कमी केला की ॲम्पवरचा भारही हलका होतो.

मागच्या बाजूला १, २, ४, ८ अशा खुणांचे जंपर (जागा बदलता येणाऱ्या छोट्या जोडपट्ट्या) असतात. सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. जंपर म्हणजे स्पीकरचा ओहम ॲम्पला किती पट करून दाखवायचा ते. चार खोल्यांत ८ ओहमचे स्पीकर समांतर जोडले तर ॲम्पच्या प्रत्येक चॅनलला फक्त २ ओहम दिसतात, आणि घरगुती ॲम्प एवढ्या कमी भारावर गरम होऊन बंद पडतो. जंपर ४ वर असेल तर एकेक स्पीकर ३२ ओहमचा दिसतो आणि चार मिळून ८ ओहम होतात. हिशोब असा: ॲम्पला चालणारा किमान ओहम गुणिले खोल्यांची संख्या, भागिले स्पीकरचा ओहम. जो आकडा येईल तो, किंवा त्याच्या वरचा, जंपर लावायचा. ८ ओहम मागणारा ॲम्प, ६ ओहमचे स्पीकर, पाच खोल्या: ४० भागिले ६, म्हणजे ६.६७. जंपर ८ वर. तोच ॲम्प ४ ओहमला चालत असेल तर ३.३३ येतात आणि जंपर ४ पुरतो. एखाद्या खोलीत एकाच कंट्रोलवर स्पीकरच्या दोन जोड्या असतील तर हिशोबात ती दोन खोल्या धरावी.

जंपर वाढवला की खोलीतला कमाल आवाज उतरतो: २ ला ३ डेसिबल, ४ ला ६, ८ ला ९. हा दोष नव्हे, ॲम्पच्या ताकदीची वाटणी आहे. ८ ओहमला ६० वॉट देणारा ॲम्प जंपर ४ वर चार खोल्यांना प्रत्येकी १५ वॉट देतो, एकूण पुन्हा ६० वॉटच. मागे चालू राहणाऱ्या संगीताला १५ वॉट भरपूर होतात. नाच-गाण्याची खोली असेल तर तिला वेगळा ॲम्प द्यावा, जंपर खाली आणून भागवू नये. जंपर सगळ्या खोल्यांत सारखे ठेवावेत, आणि एका कंट्रोलवर डावा-उजवा दोन्ही सारखे हे तर बघायलाच हवं. डावा ४ आणि उजवा २ वर राहिला की आवाज एका बाजूला झुकतो, आणि दोष स्पीकरवर येतो.

जोडणीसाठी ॲम्पपासून नॉबच्या बॉक्सपर्यंत चार कोरची केबल, आणि बॉक्सपासून प्रत्येक स्पीकरला दोन कोरची. १५ ते २० मीटरपर्यंत १.५ चौरस मि.मी. तांबं पुरतं, त्यापुढे २.५ घ्यावं. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम वायर टाळावी: रोध जास्त, आणि स्क्रूखाली दबत जाऊन काही महिन्यांनी सैल पडते. बॉक्स खोल हवा. कंट्रोलचं अंग मॉडेलनुसार ५५ ते ७० मि.मी. मागे जातं आणि त्यामागे जाड केबल वळायला जागा लागते. उथळ बॉक्समध्ये दाबून बसवला की टर्मिनलचा प्लग अर्धवट निसटतो. बांधकाम चालू असेल तर केबल बॉक्समध्ये आणून न कापता तिचा वेढा ठेवून द्यावा. स्पीकर आधी थेट चालवून बघता येतात, आणि कंट्रोल बसवण्याच्या दिवशी केबल कापली तरी चालते.

पुढचं काम ॲम्प बंद करून, प्लग काढून. इन्सुलेशन ६-७ मि.मी. सोला, जास्त नको; बाहेर राहिलेली एक तार शेजारच्या टर्मिनलला टेकली तरी चॅनल शॉर्ट होतो. तारा पिळून घ्या, जमल्यास फेरूल (टोकावरची धातूची छोटी नळी) लावून दाबून घ्या. इनपुटला ॲम्पकडच्या चार वायरी, आउटपुटला स्पीकरकडच्या चार. टर्मिनलचा प्लग निघणारा असेल तर वायरी प्लगमध्ये बाहेरच कसून घ्या, एकेक ओढून बघा आणि मग प्लग आत दाबा. इनपुट-आउटपुटची अदलाबदल झाली तर ऑटोफॉर्मर उलटा चालतो: पूर्ण आवाजावर ठीक वाटतं, पण नॉब खाली आणला की ॲम्पला दिसणारा ओहम वाढायच्या ऐवजी घटत जातो आणि ॲम्प संरक्षणात जातो. आवाज कमी करताना ॲम्प बंद पडला, तर आधी हेच तपासावं.

पोलॅरिटी, म्हणजे धन-ऋण टोकं बरोबर आहेत का, हे तपासायला दीड व्होल्टचा सेल पुरतो. ॲम्प आणि कंट्रोल सोडवून सेल थेट स्पीकरच्या वायरीला क्षणभर लावायचा; धन टोक धन वायरीला असेल तर कोन बाहेर येतो. कंट्रोलमधून ही चाचणी करू नये, ऑटोफॉर्मर डीसी नीट पुढे जाऊ देत नाही. जोडीतला एक स्पीकर उलटा राहिला तर आवाज येतो पण बास पातळ होतो, आणि गायकाचा आवाज मधोमध न बसता खोलीभर पसरतो.

मल्टिमीटरबद्दलही सांगायला हवं, कारण त्यापायी चांगले कंट्रोल काढून फेकले जातात. ऑटोफॉर्मरच्या इनपुटवर मीटर लावला की एक-दोन ओहम किंवा त्याहूनही कमी दिसतं. तो शॉर्ट नाही. मीटर डीसीने मोजतो आणि डीसीला वाइंडिंग म्हणजे नुसती तांब्याची तार. खरा भार मोजायला १ किलोहर्ट्झवर मोजणारा इम्पिडन्स मीटर लागतो. साधा मीटर स्पीकरकडच्या वायरीवर वापरा: ८ ओहमचा स्पीकर ६ ते ७ दाखवतो, शून्य म्हणजे भिंतीत खिळा लागला, अनंत म्हणजे जोड सुटला.

मर्यादा दोन आहेत, आणि दोन्ही खोक्यावर बारीक अक्षरात असतात. पहिली, काही मॉडेलमध्ये डाव्या-उजव्याचं ऋण टोक आतून एकत्र असतं. ज्या ॲम्पचं आउटपुट ब्रिज्ड असतं, म्हणजे ऋण टर्मिनलवरही सिग्नल असतो, त्याला असा कंट्रोल लावला तर दोन चॅनल एकमेकांवर शॉर्ट होतात. आजचे बरेच छोटे क्लास-डी ॲम्प असेच असतात. दोन चॅनल पूर्ण वेगळे असलेलाच कंट्रोल मागावा आणि वायर न लावता दोन ऋण टर्मिनलांमध्ये कंटिन्युइटी बघून खात्री करावी. दुसरी, पॅसिव्ह सबवूफर यावर चालवू नये. खालच्या स्वरांना ट्रान्सफॉर्मरचा छोटा गाभा संपृक्त होतो (आणखी चुंबकत्व पेलू शकत नाही), आवाज फाटतो आणि ॲम्पवर अचानक भार येतो.

एल-पॅड: एकाच स्पीकरपुरता

एल-पॅडमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो, एका दांड्यावर फिरणारे दोन जाड तारेचे रोध असतात. एक स्पीकरच्या मालिकेत, दुसरा समांतर, आणि दोन्ही अशा रीतीने बदलतात की ॲम्पला कायम ८ ओहमच दिसावेत. आवाज ठोक्याठोक्याने नाही, सलग बदलतो, ही यातली छान गोष्ट. किंमत उष्णतेत मोजावी लागते. आवाज ६ डेसिबलने कमी केला की ॲम्पच्या २० वॉटपैकी स्पीकरला ५ वॉट मिळतात आणि १५ वॉट पॅडमध्ये जळतात. प्लास्टरमध्ये गाडलेल्या बॉक्समध्ये १५ वॉट म्हणजे छोटं सोल्डरिंग आयर्न चालू ठेवून झाकण लावण्यासारखं. म्हणून पॅडची क्षमता ॲम्पच्या एका चॅनलइतकी तरी हवी, दीडपट असेल तर उत्तम. स्टीरिओसाठी दोन गँगचा (एकाच नॉबवर दोन पॅड), आणि ओहम स्पीकरशी जुळणारा. अनेक खोल्यांना एल-पॅड लावू नये: तो ओहम वाढवत नाही, चार पॅड समांतर म्हणजे ॲम्पला २ ओहमच.

टर्मिनल सहसा १, २, ३ असे असतात: १ समाईक, २ स्पीकर, ३ ॲम्प. छापलेल्या आकड्यांवर विसंबू नका, वायर लावण्याआधी मोजा. नॉब पूर्ण वर असताना २ आणि ३ मध्ये जवळजवळ शून्य हवं. पूर्ण खाली असताना १ आणि २ मध्ये शून्य आणि २-३ मध्ये ८ च्या आसपास. २ आणि ३ उलटे लागले तर आवाज खाली नेताना समांतर रोध शून्य होत जातो आणि तो थेट ॲम्पवर बसतो. काही महिन्यांनी नॉब फिरवताना खरखर येऊ लागली तर बहुधा तारेवरचा सरकता संपर्क काळवंडलेला असतो. क्लीनरने तात्पुरतं भागतं. जळका वास आला असेल तर पॅड बदलाच.

पॅडऐवजी साधा पोटेन्शिओमीटर (नॉबने रोध बदलणारा छोटा भाग) किंवा पंख्याचा रेग्युलेटर लावायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये. पोटेन्शिओमीटरची ताकद अर्ध्या वॉटच्या आसपास असते, तो जळतो. रेग्युलेटर मेन्सच्या लाटेसाठी बनवलेला असतो, ऑडिओसाठी नाही.

१०० व्होल्ट लाइनचे ॲटेन्युएटर

शाळा, दवाखाने, हॉल, मोठी कार्यालयं, जिथे लांबच लांब वायरीवर वीस-तीस स्पीकर असतात, तिथे ही जात हवी. ॲम्प सिग्नल १०० व्होल्टपर्यंत चढवून पाठवतो, प्रत्येक स्पीकरवरचा छोटा ट्रान्सफॉर्मर तो उतरवतो, आणि ॲटेन्युएटर म्हणजे मधे आवाज कमी करणारा नॉब. फायदा आकड्यांत स्पष्ट दिसतो. १.५ चौरस मि.मी. तांब्याच्या १०० मीटर केबलचा जाऊन-येऊन रोध साधारण २.३ ओहम. ८ ओहमच्या स्पीकरला ही केबल लावली तर २ डेसिबलहून अधिक वायरीतच जातात. १०० व्होल्ट लाइनवर १०० वॉट म्हणजे फक्त १ अँपिअर, घट २.३ व्होल्ट, म्हणजे ०.२ डेसिबल. कानाला कळणारही नाही.

निवड वॉटवर होते. नॉबच्या पुढे असलेल्या सगळ्या स्पीकरच्या टॅपची, म्हणजे त्यांच्या ट्रान्सफॉर्मरवर निवडलेल्या वॉटची, बेरीज करा. ६ वॉट टॅपचे पाच स्पीकर म्हणजे ३० वॉट. त्याला ३० चा नको, ३६ किंवा ५० चा ॲटेन्युएटर घ्या. सगळ्या झोनची (एकेका नॉबखालच्या स्पीकरच्या गटांची) बेरीज ॲम्पच्या ८० टक्क्यांच्या आत ठेवा, कारण ॲटेन्युएटर आणि स्पीकरचे ट्रान्सफॉर्मर स्वतःही थोडं खातात. जोडणी तीन टर्मिनलांची: आत, बाहेर, समाईक. फक्त ‘हॉट’, म्हणजे सिग्नलची, वायर नॉबमधून जाते, समाईक सरळ पुढे. इथे इम्पिडन्स मीटर फार उपयोगी पडतो: १०,००० भागिले एकूण वॉट. ३० वॉटच्या झोनवर ३३३ ओहम यायला हवेत. ७० व्होल्टच्या लाइनवर त्याच वॉटला साधारण १६७. फार कमी आलं तर कोणीतरी एक स्पीकर ट्रान्सफॉर्मरशिवाय थेट जोडलेला आहे किंवा टॅप चुकलाय. पूर्ण आवाजावर या लाइनचा शॉक बसतो, तेव्हा हात घालण्याआधी ॲम्प बंद.

सार्वजनिक जागेत २४ व्होल्ट रिले (विजेने चालणारा स्विच) असलेलाच ॲटेन्युएटर घ्यावा, यात आमची अजिबात तडजोड नाही. नॉब बंद असला तरी आणीबाणीची घोषणा पूर्ण आवाजात यायलाच हवी. रिलेसाठी वायरीची वेगळी जोडी लागते आणि ती पाइपमध्ये आधीच ओढून ठेवावी. रिले दोन पद्धतींनी चालतो: घोषणेच्या वेळी २४ व्होल्ट मिळाले की नॉब वगळला जातो, किंवा २४ व्होल्ट कायम असतात आणि ते गेले की वगळला जातो. दुसरी पद्धत जास्त भरवशाची, कारण वायर तुटली तरी घोषणा ऐकू येते. जंपर कोणत्या पद्धतीवर आहे ते घोषणा यंत्राशी जुळवा. तपासणी अशी: इमारतीतला प्रत्येक नॉब बंदवर ठेवायचा, घोषणा सुरू करायची आणि खोलीखोलीत जाऊन ऐकायचं. नमुना म्हणून दोन खोल्या बघून चालत नाही.

१० किलोओहमचा नॉब: सगळ्यात सुटसुटीत, सगळ्यात कमी वापरला जाणारा

काही ॲम्प आणि मिक्सरच्या मागे रिमोट व्हॉल्युमचं तीन टर्मिनलचं पोर्ट असतं. त्याला बहुधा १० किलोओहमचा लिनिअर (नॉबच्या फिरण्याच्या प्रमाणात बदलणारा) पोटेन्शिओमीटर जोडायचा: एक टोक पोर्टच्या व्होल्टेजला, दुसरं ग्राउंडला, मधला पाय नियंत्रणाला. नॉबपर्यंत ऑडिओ जातच नाही, त्यामुळे वायर कितीही गुंतागुंतीच्या वाटेने नेली तरी आवाजाचा दर्जा बिघडत नाही. पोर्ट असेल तर दुसरं काही शोधू नये. फक्त एक लक्षात घ्यावं: हा नॉब त्या आउटपुटचा सगळा आवाज बदलतो, खोलीखोलीचा वेगळा नाही.

कॅट-५ केबल छान चालते. २४ गेजच्या तारेचा रोध मीटरला ०.०८४ ओहम, १०० मीटरला साडेआठ. १० हजार ओहमपुढे तो नगण्य. शील्डेड केबल वापरली तर शील्ड फक्त ॲम्पच्या टोकाला ग्राउंड करा. लांब वायरीवर नॉब न हलवता आवाज थरथरत असेल तर ॲम्पच्या टोकाला नियंत्रण आणि ग्राउंडमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावावा.

तीन चुका नेहमीच्या. दोन बाहेरची टोकं उलटी लागली तर नॉब उजवीकडे फिरवल्यावर आवाज कमी होतो. अदलाबदल केली की झालं. लिनिअरऐवजी ऑडिओ टेपरचा (आधी हळू, नंतर झपाट्याने बदलणारा) पोटेन्शिओमीटर लावला तर सगळा बदल नॉबच्या एका टोकाला गोळा होतो. आणि एका पोर्टला दोन नॉब समांतर लावले तर दोघे एकमेकांना ओढतात, कोणाचंच चालत नाही. चौथी गोष्ट चूक नाही, पण भिंतीत बसवण्याआधी बघायलाच हवी: ॲम्पचा आवाज अगदी कमी ठेवून मधली वायर सोडवा. आवाज एकदम वर गेला तर उद्या केबल तुटल्यावरही तेच होईल. अशा वेळी ॲम्पच्या मागची कमाल मर्यादा खाली बांधून ठेवावी.

जे घेऊ नये, आणि जे थोडक्यात

ॲम्पच्या आधीचा लाइन सिग्नल भिंतीपर्यंत नेऊन तिथे पोटेन्शिओमीटर लावणं आणि परत आणणं: हे स्वस्त दिसतं, पण टाळावं. मेन्सची गुणगुण तर शिरतेच, शिवाय वरचे स्वर मरतात. १० किलोओहमच्या पोटेन्शिओमीटरचं मधल्या जागी आउटपुट २.५ किलोओहमपर्यंत जातं. शील्डेड केबलची धारिता मीटरला १०० पिकोफॅरड धरली तर ५० मीटर परतीच्या केबलवर १२.७ किलोहर्ट्झलाच ३ डेसिबलची घट सुरू होते. झांजा आणि ‘स’चा उच्चार बोथट वाटतो तो यामुळे.

कॅट-५ वरचे डिजिटल पॅनेल मोठ्या जागेत खरोखर चांगले: झोन, इनपुट, लॉक सगळं एका प्लेटवर. आरएस-४८५ वर (तारांच्या एका जोडीवरून अनेक पॅनेलना डेटा नेणारी पद्धत) चालणारे असतील तर केबल एका पॅनेलवरून दुसऱ्यावर अशी रांगेत न्या, ताऱ्यासारखी पसरू नका. रांगेच्या दोन्ही टोकांना १२० ओहम लावा, आणि डिप स्विचवर (पॅनेलचा पत्ता ठरवणारे बारीक स्विच) दोन पॅनेलना एकच पत्ता नाही ना ते बघा. दोन पॅनेल आळीपाळीने गायब होत असतील तर बहुतेक वेळा कारण हा पत्ताच असतो. खर्च आणि प्रोग्रामिंग पाहता दोन-तीन खोल्यांसाठी यांच्या वाटेला जाऊ नये.

जात कोणतीही असो, या वायरी मेन्सच्या पाइपमधून ओढू नका आणि मेन्सच्या स्विचसोबत एका बॉक्समध्ये बसवू नका. समांतर जाताना ३० से.मी. अंतर ठेवा, ओलांडायचंच असेल तर काटकोनात. हे आधी आवाजाचं नाही, जिवाचं कारण आहे.

शेवटी ॲम्पचा मुख्य व्हॉल्युम बसवायचा. भिंतीवरचे सगळे नॉब पूर्ण वर न्या, ॲम्पचा आवाज हळूहळू वाढवा आणि सगळ्यात मोठ्या खोलीत हवा तेवढा आवाज, न फाटता, आला की तिथे थांबून खूण करा. ही खूण न करता ॲम्प वरच ठेवला तर ऑटोफॉर्मरच्या बंदच्या आधीच्या टप्प्यावरही रात्री आवाज मोठा वाटतो, आणि नॉबमध्ये खालचे टप्पेच नाहीत अशी तक्रार येते. तेव्हा कंट्रोल बदलण्याआधी ॲम्प दोन खुणा खाली आणून बघा.